नायट्रिक की फेरिक क्लोराईड? घरी तांब्या-पितळेवर एचिंग करण्याआधी

तांब्याच्या पत्र्यावर नक्षी काढायची, पितळेची नावाची पाटी करायची किंवा घरी एखादं सर्किट बोर्ड बनवायचं म्हटलं की सांगली-विट्याकडच्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, नायट्रिक आण, बघता बघता खातं. दुसरा म्हणतो, पीसीबीसाठी, म्हणजे सर्किट बोर्डसाठी, वापरतात ते पिवळे खडे आण, फेरिक क्लोराईड. दोघांचंही खरं आहे. दोन्ही तांबं खातात, दोन्ही अंगावर उडाली तर इजा करतात आणि दुकानात दोन्हींची चौकशी 'एचिंगचं ॲसिड', म्हणजे धातू खाऊन नक्षी उठवणारं ॲसिड, अशीच होते. म्हणून एक नाही मिळालं तर दुसरं चालेल, असं लोक धरून चालतात. ते चालत नाही. घरात फेरिक वापरता येतं, नायट्रिक वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं नीट समजून घ्यायला हवीत, कारण 'डेंजर आहे' एवढ्यावर कुणी थांबत नाही.

आपल्या भागात नायट्रिकबद्दल भीती कमी असण्याला कारण आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. ज्याचा मामा किंवा चुलता गलाईत नाही असं घर विट्याच्या आसपास शोधावं लागेल. नायट्रिक त्यांच्या रोजच्या कामातलं. 'मामा दिवाळीला आले की विचारतो, एखादी बाटली देतील की' हे वाक्य म्हणूनच सहज तोंडातून येतं. फेरिक क्लोराईडची ओळख बहुतेकांना दुसऱ्या वाटेनं होते: डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमधून, सर्किट बोर्डवरचं नको असलेलं तांबं काढताना.

आता मुळातला फरक.

नायट्रिक ॲसिड तांब्याशी भिडलं की तांबं विरघळून निळंहिरवं द्रावण होतं आणि त्याच वेळी वायू निघतो. ॲसिड तीव्र असेल तर नायट्रोजन डायऑक्साईड, तपकिरी-तांबूस रंगाचा. पातळ असेल तर आधी नायट्रिक ऑक्साईड, जो बिनरंगी असतो आणि हवा लागल्यावर त्याचाही तोच तपकिरी वायू होत जातो. वायू निघू न देता नायट्रिकने तांबं खायची सोय नाही. तो तिथल्या क्रियेचाच भाग आहे.

फेरिक क्लोराईड वेगळ्या रीतीने काम करतं. त्यातलं लोह तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतं, तांबं विरघळतं आणि फेरिकचं फेरस होतं. तांब्याचा एक अणू विरघळवायला फेरिकचे दोन लागतात. हिशेब इथेच संपतो, वायू कुठेच येत नाही. ट्रेमध्ये बुडबुडे नाहीत, धूर नाही. पत्रा शांतपणे खाल्ला जातो.

फरक किती मोठा आहे ते आकड्यांत बघू. १० बाय १५ सेंटिमीटरची पितळेची पाटी घ्या. तिचा साधारण तिसरा हिस्सा ०.१५ मिलिमीटर खोल खायचा आहे. म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास धातू जाणार. फेरिक क्लोराईडच्या पिवळ्या खड्यांचा हिशेब केला तर एका ग्रॅमला साडेआठ ग्रॅम, म्हणजे पन्नासएक ग्रॅम खडे खर्ची पडतील. प्रत्यक्षात दुप्पट घ्यावे, कारण द्रावण थकत आलं की फार हळू चालतं. हवेत काही जात नाही.

तेवढाच धातू तीव्र नायट्रिकमध्ये विरघळवला तर साडेचार लिटरच्या आसपास नायट्रोजन डायऑक्साईड निघतो. दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे २८,००० लिटर हवा. दारं-खिडक्या बंद असतील तर वायूचं प्रमाण दीडशे पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दीडशे भागांच्या, वर जातं. अमेरिकेतली कामगार-सुरक्षेवर संशोधन करणारी निओश ही संस्था १३ पीपीएम ही पातळी जिवाला तत्काळ धोक्याची मानते. एक छोटी पाटी, एक खोली, आणि धोक्याच्या रेषेच्या दहापट वर. खिडकी उघडली तर प्रमाण उतरेल, पण पाटीवर वाकून बुडबुडे बघणाऱ्या माणसाचं नाक खोलीच्या सरासरी हवेत नसतं. ते ट्रेच्या अगदी वर असतं.

या वायूची सगळ्यात वाईट गोष्ट मला इथे मुद्दाम लिहायची आहे. अमोनिया किंवा क्लोरीन नाकात गेला की माणूस लगेच ठसकतो आणि पळतो. नायट्रोजन डायऑक्साईड पाण्यात त्या मानाने कमी आणि हळू विरघळतो, त्यामुळे नाकात-घशात फार न झोंबता थेट फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत उतरतो. थोडा खोकला येतो, घसा खवखवतो, मग बरं वाटतं. माणूस जेवतो, झोपतो. काही तासांनी, कधी एक दिवस उलटून गेल्यावर, फुप्फुसात पाणी साठायला लागतं आणि श्वास अडतो. तोपर्यंत दुपारच्या ट्रेची आठवणही राहिलेली नसते. म्हणून तपकिरी वायू छातीत गेला असेल तर बरं वाटत असतानाच दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना 'नायट्रिक ॲसिडचा धूर, नायट्रोजन डायऑक्साईड' असं स्पष्ट सांगायचं. नुसतं 'ॲसिडचा वास गेला' म्हटलं तर तपासून घरी पाठवतील, आणि खरी वेळ रात्रीच येईल.

कापडी मास्क किंवा धुळीसाठीचा एन-९५ इथे काहीही उपयोगाचा नाही. ते कण अडवतात, वायू अडवत नाहीत.

मग गलाईवाले ते का वापरतात? कारण त्यांच्या कामाला दुसरं चालत नाही. नायट्रिकमध्ये चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं विरघळत नाही. अशुद्ध सोन्यात आणखी चांदी किंवा तांबं घालून सोन्याचा वाटा चौथाईच्या आसपास आणायचा, मग ते नायट्रिकमध्ये तापवायचं. बाकीचं विरघळून जातं आणि सोनं तळाशी राहतं. विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी टाकून परत मिळवता येते. या कामात फेरिक क्लोराईड घातलं तर चांदीवर सिल्व्हर क्लोराईडचा थर बसून क्रिया तिथेच अडेल. गलाईत नायट्रिक योग्यच आहे, पण ते धूर ओढून घेणाऱ्या हूडखाली, त्या कामाची सवय असलेल्या हातांत. आणि तिथेही धुराचा त्रास काढलेली माणसं त्या धंद्यात भेटतात. आपल्या गॅलरीत किंवा मोरीत ती सोय नाही.

दुसरी बाजूही तितक्याच आग्रहाने सांगायला हवी, कारण 'फेरिक सेफ आहे' हे ऐकून लोक उघड्या हातांनी कालवायला बसतात. फेरिक क्लोराईडचं द्रावण स्वतः चांगलंच आम्लधर्मी असतं. डोळ्यात थेंब गेला तर डोळा कायमचा बिघडू शकतो. कातडीला भाजतं, कपड्यावर, फरशीवर गंजाचे डाग पाडतं आणि ते डाग निघत नाहीत. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तर ते कधीच ओतू नका. क्रिया जोरात होते, द्रावण तापतं, उसळतं, हायड्रोजन निघतो आणि पातेल्याला भोक पडतं. स्टीलचं सिंक स्टेनलेस आहे म्हणून वाचेल असंही नाही. फेरिक क्लोराईड स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडतं. तरीही घरासाठी मी तेच सुचवतो, कारण फेरिकचा धोका ट्रेमध्ये राहतो. डोळ्यांना दिसतो, चष्म्याने आणि हातमोज्यांनी अडतो. नायट्रिकचा धोका ट्रे सोडून खोलीभर फिरतो.

कामाच्या दर्जाचं बोलायचं तर तिथेही फेरिकच पुढे आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नायट्रिकमध्ये बुडबुडे रेषेच्या कडेला चिकटतात, न खायच्या जागेवर लावलेल्या लेपाच्या खाली शिरतात आणि तो लेप उचलतात. जुने छापचित्रकार, म्हणजे पत्र्यावर कोरून चित्रं छापणारे, बुडबुडे बाजूला करायला पक्ष्याचं पीस वापरत, ते याचसाठी. शिवाय क्रिया सुरू झाली की द्रावण तापतं, तापलं की क्रिया आणखी वाढते, आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. फेरिकमध्ये रेघ सरळ खाली जाते. लेझर प्रिंटचा टोनर, परमनंट मार्कर, नेलपॉलिश, व्हिनायलचं स्टिकर हे साधे लेप त्यात टिकतात. तीव्र नायट्रिकमध्ये मार्कर टिकेल ही आशाच सोडा.

फेरिकची एकच खोड आहे. खाल्ल्या गेलेल्या जागी गाळ साचतो आणि पुढचं खाणं अडतं. उपाय सोपा: पत्रा तोंड खाली करून टांगायचा, म्हणजे गाळ आपोआप खाली पडतो. प्लॅस्टिकचा ट्रे, पत्र्याच्या पाठीला पक्की चिकटवलेली टेप, टेपची टोकं ट्रेच्या काठावर. पाठही खाल्ली जाऊ नये म्हणून तिच्यावर पूर्ण टेप किंवा लेप हवा. द्रावणात थोडं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घातलं तर गाळ कमी बसतो. एडिंबरा एच म्हणून छापचित्रकारांत ओळखली जाणारी रीत हीच. गरमीने वेग वाढतो, पण सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये द्रावण वेगळं तापवायची गरज नाही. थंडीत ट्रे कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवावा. गॅसवर कधीही ठेवू नये. सर्किट बोर्डवरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन जाड असतं, ते ताज्या द्रावणात अर्ध्या तासाच्या आत जातं. पाटीला खोली हवी असेल तर काही तास धरून चाला, आणि मधून मधून काढून, धुऊन बघा.

धातू कोणता आहे हे आधी ठरवा, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. तांबं, पितळ, साधं लोखंड-पोलाद: फेरिक. चांदी: फेरिक क्लोराईड नको, वर सांगितलेला क्लोराईडचा थर बसतो, तिच्यासाठी फेरिक नायट्रेट नावाचं वेगळं रसायन असतं, नावं जवळची आहेत म्हणून पाकीट नीट वाचा. ॲल्युमिनियम आणि जस्त: फेरिकही नको, नायट्रिकही नको. त्यांच्यासाठी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि मीठ पुरतं.

मोरचूद म्हटलं की तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराला वेगळं काही सांगावं लागत नाही. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, हे १ टक्का बोर्डो मिश्रण बागेत वर्षानुवर्षं फवारलं जातं. मिश्रण बरोबर झालं का हे बघायला त्यात लोखंडी चाकू बुडवतात. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला. त्या चाकूवर जे घडतं तेच एचिंगमध्ये मुद्दाम घडवून आणायचं असतं: लोखंड, जस्त किंवा ॲल्युमिनियम विरघळतं आणि द्रावणातलं तांबं बाहेर पडतं. मीठ घातल्याने ॲल्युमिनियमवरचं संरक्षक ऑक्साईडचं कवच मोडतं. द्रावण तापतं, थोडा हायड्रोजनही निघतो, म्हणून पातळ ठेवावं, हवेशीर जागी करावं आणि आसपास जाळ नसावा. बोर्डो धातूच्या भांड्यात करत नाहीत, हेही याच रसायनामुळे. मोरचूद पोटात गेलं तर विषारी आहे आणि डोळ्यालाही वाईट, हे बागेतलं ज्ञान घरातही पाळा.

फरशीच्या ॲसिडबद्दल एवढंच: ते हायड्रोक्लोरिक असतं आणि एकटं तांबं खात नाही. खात नाही म्हणून लोक त्यात काहीतरी मिसळायला जातात. ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू निघतो. नायट्रिक मिसळलं तर त्याहून भयंकर, सोनंही विरघळवणारं मिश्रण तयार होतं आणि क्लोरीनसोबत इतर विषारी वायू सोडतं. काहीही मिसळू नका.

खरेदीची गोष्ट. लक्ष्मी या ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या तरुणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आदेश दिला. दुकानदाराने ॲसिड विकताना रजिस्टर ठेवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, किती घेतलं ते नोंदवायचं, पत्ता असलेलं सरकारी फोटो ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवं ते विचारायचं, १८ वर्षांखालच्या कुणालाही द्यायचं नाही. विक्रेत्याने आपला साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवायचा. नियम मोडला तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. दुकानदार आधार कार्ड मागतो तेव्हा चिडू नका, तो बरोबर करतो आहे. न मागता देणाऱ्यापासून लांब राहा.

आणि म्हणूनच नातेवाइकाकडून कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणलेलं ॲसिड घरात नको. लेबल नाही, तीव्रता माहीत नाही. बाजारातलं तीव्र नायट्रिक साधारण ६८ ते ७० टक्के असतं, पण बाटलीवर लिहिलेलं नसेल तर ते कळायचं कसं? उन्हात ते विघटन पावून पिवळं पडतं आणि आत वायूचा दाब धरतं. लाकडाचा भुसा, चिंध्या, स्पिरिट, ॲसिटोन यांच्याशी गाठ पडली तर पेट घेऊ शकतं. आणि घरातलं लहान मूल कोल्ड्रिंकची बाटली ओळखतं, ॲसिड ओळखत नाही.

फेरिक क्लोराईड इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात लहान पाकिटात मिळतं, प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्यांकडे ४० टक्क्यांचं तयार द्रावणही मिळतं. शक्य असेल तर तयार द्रावण घ्या, कालवण्याची पायरीच वाचते. खडे घेणार असाल तर पिवळे-तपकिरी, ओलसर दिसणारे घ्या. त्यांत मुळातच पाणी असतं. काळपट, कोरडी, निर्जल पावडर टाळा. ती पाण्यात पडली की खूप तापते आणि हायड्रोक्लोरिकचा धूर सोडते. कोणत्याही प्रकारात आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं रसायन, उलट कधीच नाही. पावसाळ्यात खडे हवेतलं पाणी ओढून स्वतःच पातळ होतात, म्हणून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत नाव लिहा, म्हणजे घरातल्या आजीलाही वाचता येईल. पत्र्याच्या कपाटात ठेवू नका, आसपासचं लोखंड गंजतं.

काम करताना बाजूनेही झाकणारा चष्मा, नायट्राईलचे हातमोजे, जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट. जागा शक्यतो उघडी, गच्ची किंवा अंगण. जवळ नळ किंवा भरलेली बादली. उडालं तर कपडा लगेच काढायचा आणि वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटं धुवायचं. डोळा असेल तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ, आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कातडीवर सोडा, चुना, टूथपेस्ट काही चोळायचं नाही. पाणी हेच औषध.

वापरून झालेल्या द्रावणाचं काय करायचं, याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. हिरवट झालेल्या फेरिकमध्ये आता तुमच्या पाटीचं तांबं विरघळलेलं आहे. तांबं माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना फार थोड्या प्रमाणातही मारतं. सांगलीत गटारातून जाणारं पाणी कुठे जातं हे सांडपाणी कृष्णेत नेणारा शेरीनाला आणि कृष्णा बघितलेल्या कुणालाही सांगायला नको. साताऱ्या-कऱ्हाडकडे वरच्या अंगाला ओतलेलंही शेवटी याच नदीत येतं.

म्हणून द्रावण मोठ्या प्लॅस्टिकच्या बादलीत घ्या, बादली निम्म्यापेक्षा कमी भरा, भरपूर पाण्याने पातळ करा. मग धुण्याचा सोडा चमच्याचमच्याने टाका. फेस जोरात येतो, तो कार्बन डायऑक्साईडचा. फेस बसू द्या, मग पुढचा चमचा. पीएच कागदावर ८ च्या आसपास आलं की थांबा आणि रात्रभर ठेवा. लोखंड आणि तांबं गाळ होऊन खाली बसतं, वर पाणी उरतं. गाळ जुन्या कापडातून गाळून, वाळवून, झाकणाच्या डब्यात भरा, वर 'तांब्याचा गाळ, विषारी' असं लिहा आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या. ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीतल्या मातीत नको. वरचं पाणी टाकण्याआधी त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर पाण्यात तांबं अजून आहे. सोडा वाढवा, पुन्हा एक रात्र ठेवा आणि नवा खिळा बुडवून बघा.